दवाखान्याची ओली भिंत

"मॅडम, खाली उतरा. पडलात तर ट्रस्टवर येईल," शिडी धरून साळवी ओरडत होते.

मी उतरले नाही. सत्तरीच्या बाईला शिडीवर चढायला मिळतंच कधी? हातात हातोडी होती आणि समोर पनवेलच्या बाजारातल्या जुन्या दवाखान्याची भिंत. मासळीवाल्या बसतात त्याच्या मागची ही दगडी, कौलारू इमारत कित्येक वर्षं बंद पडलेली. भिंती कमरेपर्यंत ओल्या, वर काळी बुरशी. ट्रस्टींचं म्हणणं साधं होतं: पाडा, पार्किंग करा. त्याआधी स्ट्रक्चरल रिपोर्ट हवा, म्हणजे इमारतीचं मेडिकल सर्टिफिकेट, म्हणून मला बोलावलेलं. साळवी ट्रस्टचे सेक्रेटरी. रोडपालीहून स्कूटरने येणारे, कागदाला पक्के.

शिडीखाली हिराबाई मासळीवालीही होती, मागे तिच्या चार सोबतिणी.

"बाय, ही पाडू नको सांग त्यांना. आमी पहाटे गावातून निघतो. दुपारपर्यंत पान्याचा घोट घेत नाय. जायाचं कुठं? इथं संडास नि नळ द्या, बस."

"या ओल्या भिंतीत?" साळवी म्हणाले. "उद्या अंगावर कोसळली तर?"

मी हातोडी मारली. आवाज बद्द आला, म्हणजे आत पोकळ. दुसरी मारली. ताटाएवढा सिमेंटचा पापुद्रा सुटला आणि साळवींच्या बुटाला घासून पडला. मागचा दगड शाबूत! मी हातोडी काखेत धरून शिडीवर दोन्ही हातांनी टाळी वाजवली. साळवींनी डोळे मिटून घेतले.

प्रकार असा होता. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या. जमिनीतली ओल त्यांच्यात थोडी चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून उडून जाते. सुती साडीतून घाम वाळतो, तशी. त्यावर सिमेंट थापलं की मे महिन्यात रेनकोट घातल्यासारखं होतं. घाम आतच.

"कोण तो महामूर्ख ज्याने हे सिमेंट थापलं?" मी वरूनच सुरू झाले. "डिग्री विकत घेतली होती का त्याने?"

"मेल्याला हीच भिंत गावली!" हिराबाईने साथ दिली. मग सोबतिणींनीही हात धुऊन घेतले. पाच-दहा मिनिटं आम्ही त्या अज्ञात इसमाचा यथेच्छ उद्धार केला. फार मजा आली.

साळवींनी जुनी फाइल उघडली. "इसम नाही मॅडम, बाई आहे. कु. एस. व्ही. जोगळेकर, साइट इंजिनिअर."

मी शिडीवरून उतरले. आपणहून.

जोगळेकर हे माझं माहेरचं नाव. आता मला सगळे प्रधान मॅडम म्हणतात, त्यामुळे तिथे कोणाला पत्ता नव्हता. शेकडो साइटांच्या गर्दीत हा दवाखाना मीही विसरले होते, पण आता ती कार्टी लख्ख आठवली. बॉबकट, गॉगल, कोरी डिग्री. चुना म्हणजे पानाला लावायची वस्तू, असं म्हाताऱ्या गवंड्याला तोंडावर सांगणारी.

गप्प बसता आलं असतं. बसणारही होते. पण साळवी पुढे वाचू लागले, "'भिंतीस मुळातच ओल असल्याने सिमेंट गिलावा करणे आवश्यक.' बघा! ओल आधीपासूनच आहे. ट्रस्टी हाच कागद पुढे करणार."

भिंत सुकवून दाखवायला एक उन्हाळा हवा. मीटिंग गुरुवारी होती.

गुरुवारी ट्रस्टी जमले. मागच्या बाकावर हिराबाई आणि कंपनी, टोपल्यांसकट. साळवींनी तो कागद वाचला. अध्यक्षांनी विचारलं, "या जोगळेकरबाई आता सापडतील का?"

"सापडल्यात," मी म्हटलं. "तुमचाच चहा पितायत."

साळवींच्या हातून फाइल निसटली.

"मग तेव्हा ओल होती की नव्हती?" अध्यक्ष.

"ठणठणीत कोरडी होती. पण तुमचा ट्रस्ट दुरुस्तीला मंजुरी द्यायचा, दिखाव्याला नाही. मला दवाखाना मुंबईतल्या ऑफिससारखा गुळगुळीत हवा होता. म्हणून ओल लिहिली."

"म्हंजी त्या दिवशी आमी तुलाच शिव्या घातल्या?" मागून हिराबाई.

"सुरुवात मीच केली होती."

बाक गदगदा हलायला लागलं. अध्यक्षही चष्मा काढून डोळे पुसत म्हणाले, "हे लेखी द्याल?" दिलं. दोन प्रतींत, माहेरच्या आणि सासरच्या, दोन्ही सह्यांनिशी. भिंतीला एक उन्हाळा मिळाला.

सिमेंट खरवडलं. मेपर्यंत दगड कोरडे झाले. चुना मळणारा गवंडी शोधून काढला. मी समोर स्टूल टाकून बसले आणि तोंड बंद ठेवलं. हा माझ्या करिअरमधला सर्वांत अवघड भाग.

आता मागच्या अंगाला बायांचे संडास आणि नळ आहेत. पुढच्या खोलीत आठवड्यातून दोनदा डॉक्टर बसतात आणि हिराबाईला मीठ कमी करायला सांगतात. ती त्यांना सुकट कशी करायची ते सांगते. माडीवर सुकापूरपासूनची मुलं अभ्यासाला येतात. समोरचा बंद पडलेला चहावाला पुन्हा उभा राहिला. साळवी सगळ्यांना इमारत फिरवून दाखवतात, जणू त्यांनीच ती वाचवली. दाखवू देत.

नवे इंजिनिअर मला विचारतात, काय शिकलात? मी सांगते, फाइलमध्ये खरं कारण लिहावं. 'छान दिसावं म्हणून' असं लिहिलं की मंजुरी मिळत नाही आणि भिंत वाचते.