नारळाचा मान

धाकू खलाशी म्हणजे तापट माणूस. पण बोटीवर एकदा त्यानं मुकाट मार खाल्ला होता. गोऱ्या इंजिनेरानं काहीतरी फर्मावलं, धाकूला कळलं नाही, आणि त्या मेल्यानं लोखंडी पाना त्याच्या बरगड्यांत घातला. वर इंग्रजी येत नाही म्हणून घरी धाडलं. इंग्रजी शिकशील तरच पुन्हा बोट!

पुढे सरकारनं रत्नागिरीच्या किनाऱ्यावर खलाशांसाठी इंग्रजी वर्ग काढायचं ठरवलं, तेव्हा धाकूनं तालुक्याच्या साहेबांच्या हातापाया पडून एक वर्ग आपल्या गावात आणला. वर्ग गावच्या शाळेत भरणार होता. शिकवायला आत्माराम मास्तर आले. हसरा माणूस. म्हणाले, “धाकू, पुढच्या दिवाळीला तू बोटीवर असशील बघ.”

उद्घाटनाला साहेब स्वतः आले. आता नारळ फोडायचा कोणी? पालखी असो नाहीतर नवी विहीर, पहिला नारळ खालच्या वाडीचा, हा जुना मान. पण वरच्या वाडीचा खलाशी भिकाजी पुढे झाला. “शाळा आमच्या वाडीत, नारळ आमचा!”

खालच्या वाडीच्या धाकूचं डोकं सणकलं. “वर्ग मी आणला, मेल्या! हात तर लाव!”

भिकाजीनं नारळ उचलला. झालं! दोन्ही वाड्या एकमेकींवर तुटून पडल्या. बाकं मोडली, डोकी फुटली, शाळेची ओटी रक्तानं माखली. धाकूनं मोडक्या बाकाचा पाय उचलून भिकाजीवर हाणला. “अरे, थांबा रे!” करत मास्तर मध्ये शिरले. घाव त्यांच्या जबड्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

साहेबांनी वर्ग शेजारच्या गावी हलवला. पोलिसांनी धाकूला कोठडीत तुडवून काढला. मास्तरांनी तक्रार दिली नाही, म्हणून सुटला. घरी आला तर बायको कमळा म्हणाली, “आपल्या हातानं पायावर धोंडा मारून घेतलात. आता जा, पाय धरा त्यांचे!”

तो शेजारच्या गावी वर्गात गेला. पुढच्या बाकावर भिकाजी पाटी घेऊन बसलेला. धाकूनं सगळ्यांदेखत मास्तरांचे पाय धरले. “मास्तर, चुकलो. मला शिकवा. जमिनीवर बसेन.”

मास्तरांनी पाय सोडवून घेतले. वाकड्या जबड्यातून एकेक शब्द ओढत म्हणाले, “तुझी बायको रडत आली होती, म्हणून तक्रार केली नाही. पण तू समोर असलास की माझं तोंड उघडत नाही रे. तू जा. मग मी शिकवतो.”

धाकू उठला, बाहेर पडला. त्याच्या पाठीमागे भिकाजी मोठ्यानं धडा म्हणू लागला. दिवाळीला भिकाजी बोटीवर गेला. धाकू चिऱ्याच्या खाणीत दगड फोडत राहिला, मरेपर्यंत.