उल्हासनगरच्या बागेवरचा रस्ता आणि मामाची ताम्हणं

मे महिन्यात नाशिकहून बदलापूरला गाडी घेऊन निघाले ते फक्त मामाला भेटायला. उल्हासनगरजवळ नवा उन्नत मार्ग लागला. दोन्ही बाजूंना इमारतींचे तिसरे-चौथे मजले, वाळत घातलेले कपडे. मधेच जाणारी आणि येणारी मार्गिका एकमेकींपासून लांब सरकल्या आणि त्या फटीतून जांभळ्या फुलांचे घोस थेट माझ्या खिडकीच्या उंचीला आले. मला वाटलं, कुंड्या ठेवल्यात.

संध्याकाळी बदलापूरला हेंद्रेपाड्यात मामाच्या घरी चहा घेताना हे सहज बोलले. मामा निवृत्त माळी. उल्हासनगरच्या ज्या बागेवरून हा रस्ता काढला, तिथेच त्याचं आयुष्य गेलं. त्याने कप खाली ठेवला.

"जांभळी? नक्की?"

मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "मनू, तो विषय नको गं. रस्त्याचं काम निघालं तेव्हापासून हे तिकडे फिरकले नाहीत."

"ताम्हणाची अठरा झाडं लावली होती मी," मामा म्हणाला. "सगळी गेली, असंच सांगितलं होतं मला."

सकाळी सातला तोच तयार होऊन दारात उभा. वाटेत अंबरनाथच्या शिवमंदिरात थांबलो. लवकर जा, उन्हात दगड तापतो आणि पाय भाजतात. उल्हासनगरात सिंधी नाश्ता, दाल पकवान खाल्लं. मामाने अर्धं तसंच ठेवलं. गाडी बाजाराच्या अलीकडेच लावा, आत गल्ल्या अरुंद आहेत.

इथे आधी लष्करी छावणीच्या बराकी होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं त्यांत राहिली. बाग त्यानंतरची, आणि आता बागेच्या डोक्यावरून रस्ता. फाटकातून आत गेलो. देवळाच्या सभामंडपासारख्या खांबांच्या रांगा, गार सावली, वर टायरांचं धडधडणं. खाली बायकांचा व्यायाम चालू, एक आजोबा पेपर वाचतायत. आणि पुढे, दोन मार्गिकांच्या मधल्या उन्हाच्या पट्ट्यात, चार ताम्हणं पुलाच्याही वर गेलेली.

मामा पहिल्या झाडापाशी गेला. खोडावर तळवा टेकवून कितीतरी वेळ उभा राहिला. पेपरवाल्या सिंधी आजोबांनी त्याला ओळखलं.

"अरे माळीसाब! किधर थे इतने दिन?"

"हिंमत नव्हती यायची," मामा मराठीतच म्हणाला.

पाणी घालणाऱ्या ताईंना मी विचारलं, ही चारच कशी वाचली? मला वाटलं होतं, कुणीतरी भांडून वाचवली असतील.

"खालून नाला जातो ना, तिथं खांब टाकता येईना. म्हणून रस्ता फाकवला."

मामा हसायलाच लागला. "म्हणजे नाल्याची कृपा!" हसता हसता त्याने डोळे पुसले.

मग त्याला वरून नेलं. वर थांबायला बंदी, त्यामुळे जांभळा रंग तीन-चार सेकंदच दिसतो. मामा काचेला नाक लावून बसला होता.

"परत घे."

परत घ्यायचं म्हणजे थेट पुढच्या फाट्यावर उतरायचं, खालच्या गर्दीतून मागे यायचं आणि पुन्हा चढायचं. पाऊण तासाचा फेरा. आम्ही तीन वेळा घेतला. तिसऱ्या वेळी मामा मोठ्याने झाडं मोजत होता, "एक, दोन, तीन, चार."

आता नाशिकला परतले आहे. रस्ता भव्य आहे, हे खरंच. त्याखाली उभं राहिलं की छाती दडपते. आणि चौदा झाडं गेली, हेही खरं. काल मामाचा फोन आला. आता तो दर गुरुवारी रिक्षाने बागेत जातो. मी विचारलं, राग गेला का रे?

"चौदांचा कसा जाईल?" तो म्हणाला. "पण मनू, जन्मभर मी झाडांकडे खालून मान वर करूनच बघितलं. आपण लावलेल्या झाडाचा शेंडा डोळ्यासमोर येईल, असं वाटलंच नव्हतं कधी."