गृहखात्याची मागणी आणि माझी बहीण

माझी धाकटी बहीण कागलजवळच्या एका गावात दिली आहे. तिचा नवरा केंद्राच्या सशस्त्र पोलीस दलात. सुट्टीवर आला की गाव त्याला ‘मिलिटरीवालं’ म्हणतं. तो कधी दुरुस्त करत नाही. लष्कर संरक्षण खात्याचं, त्याचं दल गृहखात्याचं. त्याचं काम देशाच्या आतलं: कुठे दंगल, कुठे निवडणूक, कुठे जंगल. लग्नाला तेरा-चौदा वर्षं झाली तरी दोघं सलग महिनाभर एका घरात राहिली नव्हती. छावणीत कुटुंबासाठी क्वार्टर होत्या, पण मागणारे फार आणि खोल्या थोड्या. बहीण इकडे सासरे, मुलगी आणि दोन म्हशी सांभाळत होती.

मी कोल्हापुरात कॉलेजला राज्यशास्त्र शिकवते. एका फेब्रुवारीत ती मुलीला दातांच्या डॉक्टरकडे दाखवायला आली होती. मी दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करत बसले होते. विषय अर्थसंकल्पाचा.

“आक्का, ह्यांच्या क्वार्टरचं पैसं कोण देतंय गं?” तिनं विचारलं.

मी वर्गात सांगते तसं सांगितलं. सरकार आपल्या मनानं खर्च करू शकत नाही. प्रत्येक खातं लोकसभेपुढे मागणी ठेवतं, इतके पैसे द्या म्हणून. खासदार तिच्यावर चर्चा करतात, मत देतात, तेव्हा तिजोरी उघडते. एखादी तक्रार ठासून मांडायची असेल तर खासदार कपात सूचना देतो, म्हणजे या मागणीतून शंभर रुपये कमी करा म्हणतो.

“म्हंजे क्वार्टर न्हाईत हे सांगायचं तर ह्यांचंच शंभर रुपये कापायचं?”

“कापत नाही कुणी. बोलायला निमित्त मिळतं.”

ती हसली नाही. “मग तितं कुणीतरी बोलाय पायजे की,” एवढंच म्हणाली.

आठवड्याभरात त्यांच्या दूध संस्थेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला शेजारच्या मतदारसंघाचे खासदार आले. मी नव्हते तिथे, हे तिनंच नंतर फोनवर सांगितलं. चहाच्या वेळी ती सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“साहेब, जवानांचा सत्कार करता, हार घालता. त्यांच्या बायकापोरांनी ऱ्हायचं कुटं? मी इकडं, माणूस तिकडं. दिल्लीत ह्येच्यावर कवा बोलणार?”

बाकीचे गडबडले. खासदार मात्र खुर्ची सरकवून म्हणाले, “बसा ताई.” मग त्यांनी बरंच काही विचारलं. मुलगी कितवीत, नवरा वर्षातून किती वेळा येतो, आजारपणात कोण बघतं. निघताना म्हणाले, “गृहखात्याची चर्चा लागली तर नक्की बोलतो.”

त्या ‘लागली तर’चा अर्थ मला ठाऊक होता: दर वर्षी मोजक्याच खात्यांवर चर्चा होते, बाकीच्यांच्या मागण्या चर्चेशिवायच मताला जातात.

मार्चअखेरीस मागण्या मताला येणार होत्या त्या दिवशी मी मुद्दाम तिच्या घरी गेले. तिनं दुपारपासून टीव्ही लावून ठेवला होता. सासरे आरामखुर्चीत. सभागृहात सकाळपासून गोंधळ होता, कामकाज दोनदा तहकूब झालेलं. संध्याकाळी अध्यक्षांनी चर्चा न झालेल्या सगळ्या खात्यांच्या मागण्या एकदम मताला टाकल्या. होय म्हणणारे होय म्हणाले. देशभरातल्या सगळ्या सुरक्षा दलांचा वर्षाचा खर्च, पगार, बंदुका, गाड्या, घरं, आमच्या डोळ्यांदेखत मंजूर झाला, आणि चहाही अजून गरम होता.

“झालं?” तिनं विचारलं.

“झालं. पैसे मिळाले त्यांना.”

“पर कोण बोललंच न्हाय की.”

सासरे म्हणाले, “पैसं दिल्यात न्हवं? बास झालं.” ती उठली आणि धारा काढायला गेली. मी मागोमाग गोठ्यात गेले. ती रडत नव्हती. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून नुसती उभी होती.

थोड्या वेळानं फोन वाजला. खासदार स्वतः बोलत होते. “ताई, तयारी करून बसलो होतो. वेळच दिला नाही. पण इसरलेलो न्हाय.” मला वाटलं होतं, हे लोक असे फोन करत नाहीत. मी चुकले याचा आनंद झाला.

पुढच्या वर्षी गृहखात्याची चर्चा झाली. संध्याकाळी, अर्ध्याअधिक रिकाम्या सभागृहात, खासदारांना चार-पाच मिनिटं मिळाली. त्यांनी नाव घेतलं नाही. “आमच्या भागातल्या एका बहिणीनं मला विचारलं,” असं म्हणून तिचेच शब्द हिंदीत सांगितले. तेवढ्यात अध्यक्षांची घंटा झाली. घंटेवर आवाज चढवून त्यांनी वाक्य पुरं केलं.

बहिणीनं टीव्हीपुढे हात जोडले आणि लगेच घाबरली. नवऱ्याला तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं. दलातल्या माणसानं बाहेर तक्रार करायची नसते.

त्याचा फोन दुसऱ्या दिवशी आला. तो चिडला होता. “माझं नाव घेतलं असतं तर? नोकरीवर आलं असतं की!” मग त्याचा आवाज खाली आला. बराकीत सगळ्यांनी ते भाषण मोबाइलवर पाहिलं होतं. कुणीतरी विचारलं, ही कुणाची बायको रे? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. “मी गप बसलो हुतो,” तो म्हणाला. “पर बिहारचा एकजण म्हणाला, माझी बायकू बी ह्येच म्हणती. मग ऱ्हावलं न्हाय. सांगितलं, माझीच हाय.”

त्या भाषणामुळे घरं झाली, असं मी म्हणणार नाही. इमारतींचं काम आधीच कुठे कुठे सुरू होतं, आणि पैसे तर दर वर्षी मंजूर होतच होते. पण यथावकाश त्याचा नंबर लागला. तोवर मुलगी बारावीला पोचली होती. ती शिकायला माझ्याकडे राहिली, सासरे थोरल्या दिरांकडे गेले, म्हशी जावेनं ठेवून घेतल्या. बहीण एकटीच नवऱ्याकडे गेली. जाताना म्हणाली, “आक्का, उशीर झाला गं. पोरीला बापाजवळ ऱ्हायाचं हुतं, तवा मिळालं न्हाय.”

दिवाळीनंतर मी आणि भाची तिकडे गेलो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, नव्या रंगाचा वास, खिडकीतून कवायतीचं मैदान. संध्याकाळी बेल वाजली. बहिणीनं कणकेच्या हातानंच दार उघडलं. नवरा गणवेशात बाहेर उभा होता, पाहुण्यासारखा.

“किती येळा सांगितलं,” ती म्हणाली, “दार उगडंच असतंय. आत यायचं.”

तो लेकीकडे बघून ओशाळला, आणि बूट काढायला खाली वाकला.