भाकरीला बाया नव्हत्या, तो दिवस

आक्का धडधडीत खोटं बोलल्या होत्या.

आणि हे मला आज कळलं. त्या गेल्यावर.

आक्का शिवाजी पेठेतल्या. पुरात आमचं घर पाण्याखाली गेलं, तेव्हा शाळेतल्या आमच्या शिबिराचं जेवण त्यांच्या गल्लीनं अंगावर घेतलं होतं. आवाज असा की माईक लागायचा नाही.

दोन दिवस आईच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. स्वतःचं ताट मला द्यायची. विचारलं की म्हणायची, "जेवलो मी मगाशी."

आयुष्यभर दारात आलेल्याला जेवू घालणारी बाई. तिला ताट घेऊन लाईनीत उभं राहणं जमेना.

त्यात तिला शुगर. मी चिडले, रडले. ती हलेना. आई हातची जाते की काय, अशी भीती वाटायला लागली.

आक्का सगळं बघत होत्या. समजूत वगैरे घातली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वर्गाच्या दारात येऊन ओरडल्या,

"आज भाकरीला एक बी बाई आली न्हाय! माणसं उपाशी ऱ्हात्यात. हितं कुणाला भाकरी थापाय येती का न्हाय?"

आई उठली. पदर खोचला. "पीठ कुठाय?"

तिच्यामागून वर्गातल्या सगळ्याच बायका उठल्या.

दुपारी आई त्यांच्यात बसून जेवली. आमटी आक्कांच्या हातची होती. पहिल्याच घासाला आई म्हणाली, "मीठ कमी हाय की वो आक्का."

आक्का हसल्या नुसत्या.

शिबिर सुटेपर्यंत मग चूल आमच्याच ताब्यात. काय शिजवायचं, आधी कुणाला वाढायचं, सगळं आमच्या बायका ठरवायच्या. आक्का फक्त विचारायच्या, "काय आणू?"

आज त्यांच्या घरी चूल पेटणार नाही, म्हणून आई पिठलं-भाकरी घेऊन गेली. सोबत मी. तिथं शेजारच्या मावशी बोलता बोलता म्हणाल्या,

"त्या दिवशी आमी धा-बारा जणी निघालतो की! आक्कांनी तालमीपासनंच परत धाडलं. म्हणल्या, आज कुणी यायचं न्हाय. त्यास्नीच करू द्या."

घरी येताना रिक्षात आई म्हणाली,

"आमटीत मीठ बरोबर हुतं गं. लई दिसांनी दुसऱ्याच्या जेवणाला नावं ठेवावीशी वाटली, म्हणून बोललो."

आक्का, माझी आई तुम्ही मला परत दिलीत. तुमचे आभार कसे मानायचे, मला खरंच कळत नाही.

मीठ बरोबर होतं. तेवढं सांगायचं राहिलं होतं.

या आता आक्का. नमस्कार.