जपानी बागेत आई

पहिल्या बाळंतपणासाठी मला माहेरी जाता आलं नाही, म्हणून आईच बार्शीहून लंडनच्या ईलिंग भागात आमच्याकडे आली. एकटी, विमान बदलून, इंग्रजीचं एक अक्षर येत नसताना. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, आणि विमानात बसणारी आई दुसरी. मला पहिलीपेक्षा दुसरीचं कौतुक जास्त वाटतं.

पण थोड्याच दिवसांत ती सुकली. आम्ही दोघं ऑफिसला गेलो की दिवसभर तिच्याशी बोलायला कोणी नसे. एका शनिवारी चहा पिताना ती माझ्या नवऱ्याला म्हणाली, "जावईबापू, माझं तिकीट अलीकडचं करता येतं का बघा. इथले दवाखाने चांगले आहेत. लेकीचं नीट होईल."

मला महिना उरला होता. मी कपबशा उचलून आत गेले. तिथंच बसले असते तर रडूच आलं असतं.

"सोमवारी विचारतो, आई," नवरा म्हणाला. "उद्या जरा फिरून येऊ."

तो ऑफिसच्या कामासाठी जपानला जाऊन आला होता. तिथल्या डोंगरातल्या बागा, शेवाळाने हिरवे झालेले दगड, तिथली शांतता, हे तो किती वेळा सांगे! आम्हाला तिकडे नेणं काही जमलं नव्हतं. म्हणून रविवारी तो आम्हाला ट्यूबने, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेने, लंडनमधल्या एका पार्कात घेऊन गेला. आत एक लहानशी जपानी बाग होती. छोटा धबधबा, तळ्यात केशरी मासे, काठाला लाल होत चाललेलं मेपलचं झाड. लोक अगदी हळू बोलत होते.

एका दगडी दिव्यापुढे आईने चपला काढल्या आणि हात जोडले.

"आई, पाय गारठतील," मी म्हणाले. "हे देऊळ नाही, नुसती बाग आहे."

"मग सगळे एवढे गप्प का?"

बाकावर एक जपानी आजी आणि तिची मुलगी बसल्या होत्या. बाबागाडीत बाळ झोपलं होतं. आजीने माझ्या पोटाकडे पाहून मुलीला काहीतरी सांगितलं. मुलगी मला इंग्रजीत म्हणाली, "आमच्याकडे बाळंतपणाला मुलगी आईकडे जाते. मला जाता आलं नाही, म्हणून आई आली."

मी हे आईला सांगितलं. आई चटकन आजीशेजारी बसली. "विचार तिला, करमतं का इथं?"

प्रश्न माझ्याकडून मुलीकडे, मुलीकडून आजीकडे गेला. आजीने जोरजोरात मान हलवली. अजिबात नाही! आई इतकी मोठ्याने हसली की तळ्याकाठचे दोघे-तिघे वळून बघू लागले.

मग आजीने माझ्या पोटाकडे बोट करून स्वतःच्या कमरेभोवती हात फिरवला. मुलीने सांगितलं, त्यांच्यात पाचव्या महिन्यातच पोटाला कापडी पट्टा बांधतात.

"आधी?" आई उठूनच उभी राहिली. "बाळ आत असताना? अगं बाई, नंतर बांधायचं असतं!"

तिने अंगावरची शाल काढली, कोटावरूनच कमरेला गुंडाळली आणि करकचून आवळून दाखवली. आजीला ते मुळीच पटलं नाही. तिने शालीचं टोक धरलं, सैल केलं आणि खाली ओढून, पोटाला आधार कसा द्यायचा ते दाखवलं. आईने परत वर ओढलं. एक मराठी बोलत होती, दुसरी जपानी. मी आणि ती मुलगी हसून हसून दमलो.

"आई, सांभाळून, तळ्यात जाल," नवरा म्हणाला.

"तुम्ही नका मध्ये पडू. बायकांचं चाललंय."

निघताना आजी कमरेत वाकली. आईही वाकली, आणि वाकल्या वाकल्या तिने बाळाच्या मुठीत एक नाणं ठेवलं.

परतताना ट्यूबमध्ये आई शालीची घडी मोडत होती, पुन्हा घालत होती. स्टेशनं येत होती, जात होती. मी सोमवारचाच विचार करत होते.

"जावईबापू," ती एकदम म्हणाली, "ते तिकिटाचं उद्या विचारू नका."

"का हो, आई?"

"मी गेले, तर ती बाई येऊन हिचं पोट भलत्याच वेळी बांधून जाईल."