नागपूरची शाळा
चिन्नोर तांदूळ शिजायला लागला, की त्या वासाबरोबर मला सिहोऱ्याच्या मालगुजारांची पडवी आठवते. मी सातवीत केंद्रात पहिली आले होते. मालगुजारांचे मेहुणे नागपूरच्या मुलींच्या शाळेचे संचालक होते, म्हणून बाबा नव्या चिन्नोरचं पोतं खांद्यावर घेऊन मला त्यांच्याकडे घेऊन गेले. मालगुजारांची मुलगी माझ्याच वर्गातली, कशीबशी पास झालेली; ती त्याच शाळेत जाणार होती. बाबा हात जोडून म्हणाले, "मालक, तुमी सांगतलं तं माही पोरगी बी तिथं शिकन." मालगुजारांनी मला धडा वाचायला लावला, मन लावून ऐकला आणि म्हणाले, "हुशार हाये पोरगी. पाठव नागपूरले. आमच्या पोरीची वेणीफणी करन, कपडे धुवन, रातच्याले अभ्यास बी सांगन." "अन् हिची शाळा, मालक?" "हिले कायले शाळा?" आतल्या बायका हसल्या. मी बाबांकडे पाहिलं. बाबा "जी मालक" म्हणाले. ती मॅट्रिक होईपर्यंत मी रोज तिचं दप्तर शाळेच्या फाटकापर्यंत नेलं. आता त्या शाळेची अध्यक्ष तीच आहे. नातीच्या प्रवेशासाठी परवा माझा मुलगा मला म्हणाला, "आई, तुही तं लहानपणापासूनची ओळख हाये ना तिच्याशी!"