‘कोणी पाजली’चा रकाना

विक्रोळीची आमची चाळ पाडायला निघाली, तेव्हा दारूबंदी मंडळाची पत्र्याची पेटी माझ्या गळ्यात पडली. बाबा त्या मंडळाचे शेवटचे सेक्रेटरी. बाकीचे सभासद एकेक करून गेले, गेल्या पावसाळ्यात बाबाही गेले. खोली रिकामी करायची होती, म्हणून मी वैतागतच पेटी उघडली.

वर मंडळाचा कापडी फलक, खाली पिवळे पडलेले फोटो. सगळे इथल्या कारखान्यांत राबणारे कोकणी गडी, सगळ्यांच्या छातीवर निळा बिल्ला, आणि चेहरे असे की यांनी दारू सोडलीय की जेवण, कळू नये. मला हसू आलं. मग त्यात चाळिशीतले बाबा दिसले आणि हसू जिथल्या तिथे विरलं.

मंडळात सगळे एकमेकांना भाऊ म्हणत. कोणी शपथ मोडली तर आरडाओरडा नसे. त्याने शपथेच्या वहीतलं आपलं नाव स्वतःच्या हाताने खोडायचं, बिल्ला परत करायचा आणि पुढचे दोन रकाने भरायचे: ‘कारण’ आणि ‘कोणी पाजली’. मग दोघे भाऊ त्या पाजणाऱ्याच्या घरी जाऊन बसत. भांडत नसत, नुसते चहा पीत बसत. लोक त्या चहाला फार टरकून असत.

शेवटच्या वर्षी बाबा जेवेनासे झाले. वैद्यांनी द्राक्षासव सांगितलं. आसवात थोडं मद्य असतंच, आणि हे कळलं तर बाबा त्याला शिवणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी बाटलीवरचं लेबल भिजवून काढलं, औषध झाकणात ओतलं आणि पुढे केलं.

“ह्येच्यात दारू-बिरू नाय मां गो?”

“नाही ओ बाबा, काढा आहे. घ्या गुपचूप.”

त्यांनी घेतलं. क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि झाकण परत दिलं. त्या रात्री ते दोन घास जास्त जेवले. मी शेजारणीला फुशारकीने सांगितलं, बघ, कधी कधी थापही औषध असते. काय अक्कल माझी! तरुणपणी ज्याने सगळे गुत्ते पालथे घातले होते, त्याला पहिल्या घोटात कळणार नाही?

ते गेले त्या दिवशी त्यांचा बिल्ला सापडेना. सभासदाच्या छातीवर बिल्ला लावूनच तिरडी उचलायची, ही मंडळाची रीत. मी घर उलथंपालथं केलं. शेवटी बिल्ल्याविनाच नेलं त्यांना. कुठे ठेवला म्हणून मनातल्या मनात चिडलेही होते.

तो बिल्ला आता पेटीच्या तळाशी, शपथेच्या वहीत सापडला. बाबांचं नाव एका सरळ रेघेने खोडलेलं. तारीख माझ्या वाढदिवसाची, त्याच संध्याकाळी मी पहिलं झाकण दिलं होतं. ‘कारण’: भूक. ‘कोणी पाजली’: स्वतः.

मी तिथेच फरशीवर बसून रडले. सख्ख्या भावाचं नावही त्या रकान्यात लिहायला लावणारे बाबा, पण माझं नाव लिहायला मात्र त्यांचा हात धजला नाही. नाव खोडल्यानंतरही पाच महिने, रोज संध्याकाळी मी हाक मारली की ते उठून बसत आणि झाकणासाठी हात पुढे करत.